विचारलंत म्हणून : कॉलेज नेमकं कोणत्या राजारामाचं?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० सालचं आहे आणि मी तिथली विद्यार्थिनी. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते. भाजीपाल्याच्या बागेबद्दल ज्यांनी विचारलं होतं, त्यांनी एक महिना दम धरावा. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ३२ वर्षं ग्रंथपाल होते, एवढाच माझा अधिकार.

राजारामपुरी, कोल्हापूर येथून एक विद्यार्थी : *मॅडम, आमच्यात पैज लागली आहे. मी म्हणतो, राजाराम कॉलेज शाहू महाराजांच्या मुलाच्या नावावर आहे. मित्र म्हणतो, शिवाजी महाराजांच्या मुलाच्या. कोण जिंकलं?*

दोघंही हरलात. पैजेचे पैसे एखाद्या वाचनालयाला द्या.

कोल्हापूरच्या इतिहासात तीन राजाराम आहेत आणि तुम्ही दोघांनी पहिला नि तिसरा धरलात. पहिले शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, ताराबाईंचे पती. ते १७०० साली सिंहगडावर वारले. तिसरे शाहू महाराजांचे पुत्र, १९२२ ते १९४० या काळातले. तू ज्या पेठेतून पत्र लिहिलंस तिला नाव त्यांचं आहे, म्हणून तुझी गफलत समजू शकते. कॉलेज मात्र मधल्याचं. हे राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले आणि १८७० साली विलायतेच्या सफरीवर गेले. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस.

पुढची गोष्ट कॉलेजची नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात खास परवानगी काढून, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी दिला गेला. नदी आणि संगम, एवढं तरी परमुलखात मिळालं. पुढे तिथे छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मॅंट यांचा, ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडाही आखला. विसाव्या शतकात त्या ठिकाणाजवळून नदीवर मोठा पूल झाला, त्याला फ्लॉरेन्सचे लोक ‘इंडियानो’चा पूल म्हणतात. म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल. तिथल्या किती जणांना कोल्हापूर ठाऊक असेल कोण जाणे. पण इथल्या कितीजणांना आपल्या कॉलेजचा राजाराम ठाऊक आहे, ते तुमच्या पैजेवरून कळलंच.

निफाडहून एक शिक्षक : *न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले हे दोघे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते असा मजकूर आमच्या शाळेच्या फलकावर लावायचा आहे. खातरजमा करून द्याल का?*

अर्धा लावा.

रानडे १८४२ सालचे, जन्म तुमच्याच निफाडचा, बालपण कोल्हापुरात. कोल्हापुरात इंग्रजी शाळा निघाली १८५१ साली, तिथे ते शिकले. पुढच्या शिक्षणासाठी त्यांना मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये जावं लागलं, कारण कोल्हापुरात कॉलेज नव्हतंच. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए.ची तुकडी बाहेर पडली, तीत रानडे होते. राजाराम कॉलेज त्यानंतर अठरा वर्षांनी जन्मलं. त्याच इंग्रजी शाळेची पुढे राजाराम हायस्कूल झाली आणि तिला जोडूनच कॉलेजचे वर्ग निघाले, त्यामुळे ‘राजाराम’वाले रानड्यांना आपलं म्हणतात. म्हणू देत. पण फलकावर ‘कॉलेजचे विद्यार्थी’ लिहू नका.

गोखल्यांचं खरं आहे, अर्धवट खरं. ते १८८१ साली मॅट्रिक झाले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. पदवीपर्यंत शिकायची सोय तेव्हा इथे नव्हती, म्हणून त्यांनाही शेवटी मुंबईची वाट धरावी लागली. १८८४ साली ते एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले. त्या काळचं राजाराम कॉलेज म्हणजे हायस्कूलच्या अंगाला लागून असलेले दोनचार वर्गच म्हणायचे. भवानी मंडपाच्या त्या भारदस्त इमारतीकडे बघून आपल्याला वाटतं की पहिल्या दिवसापासून सगळं थाटात असेल.

फलकावर खरंतर एक हिशेब लिहा. वडील गेल्यावर गोखल्यांच्या थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केल्याची गोष्ट सगळे सांगतात, आठ रुपयांची फार थोडे. पोरांना आठ रुपयांची सांगा. सात रुपयांत एका बिऱ्हाडाचा महिना काढणारा थोरला भाऊ त्यांना चटकन दिसेल.

गारगोटीहून एक वाचक : *ताई, आमचे पणजोबा ‘बोर्डिंगात’ शिकले असं घरात सगळे अभिमानाने सांगतात, कोणत्या कॉलेजात ते कुणालाच आठवत नाही. दुसरं असं, की शाहू महाराज जातिभेदाविरुद्ध होते, तर त्यांनी जातवार बोर्डिंगं का काढली? मुलीने विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.*

तुमच्या घरच्यांना आठवतं तेच बरोबर आठवतं. माझे वडीलही ‘मी बोर्डिंगातला’ असंच म्हणत. कॉलेजचं नाव विचारावं लागे.

मुलीचा प्रश्न बिनतोड आहे. तिला १८९६ पासून सांगायला सुरुवात करा.

त्या साली राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी एक वसतिगृह निघालं, सर्व जातींसाठी खुलं. कागदावर अगदी आज आपल्याला हवं तसं. झालं काय, की ते ब्राह्मण मुलांनीच भरलं आणि बाकीची पोरं हळूहळू बाहेर पडली. नियमाने कुणाला हाकललं नव्हतं. पण पंगत कुणाची, सोवळं कुणाचं, पाणी कुणी कुठून घ्यायचं, हे घरात शिकलेले भेद घेऊनच मुलं तिथे राहायला आली होती. ज्याच्या आधीच्या तीन पिढ्या शाळेत गेल्यात त्याच्याशेजारी पहिलाच पाटी घेऊन आलेला बसला की दार उघडं असूनही कोण आत राहतं आणि कोण गावाकडची वाट धरतं, हे सांगायला पंडित लागत नाही.

आता आकडे बघा. शाहू महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानातल्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. कारकुनांच्या पाचशे जागांत ब्राह्मणेतर किती, तर १०. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. हुकूम काढणं सोपं होतं असं मी म्हणत नाही, पण त्यानंतरचा प्रश्न जास्त अवघड होता. त्या जागांवर बसायला शिकलेली माणसं आणायची कुठून? कॉलेज होतं, मास्तर होते, इमारत होती. आणि भुदरगडच्या पोराला कोल्हापुरात संध्याकाळी भाकरी कोण घालणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. रोज घरून येण्यासारखं ते अंतर नव्हे. खाणावळीला पैसे नाहीत, आणि असले तरी पंगतीला कुणी घेईलच असं नाही.

म्हणून आधी १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ ला मुसलमान, १९०७ ला लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. हे नाव तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं. त्यानंतर दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, ख्रिस्ती अशी रांगच लागली. अपघातात गेलेल्या आपल्या धाकट्या मुलाच्या नावाने महाराजांनी १९२० साली प्रिन्स शिवाजी बोर्डिंग काढलं. दरबारातून जागा, दरबारातून रक्कम, आणि उरलेलं त्या त्या समाजाने उभं करायचं. एकत्र ठेवून चाललं नाही, म्हणून वेगळं ठेवून का होईना शिकवायचं, असा तो हिशेब होता. १९१२ पर्यंत वरिष्ठ जागा ९५ झाल्या आणि ब्राह्मण अधिकारी ३५ उरले. शिक्षणाच्या बाजूने ही वाढ बोर्डिंगांतून आली.

पण हा हिशेब दुखरा होता, हेही मुलीला सांगा. त्याच मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक दांडगा मुलगा गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून मग आत ये म्हणून सांगितलं. त्याने नाही म्हटलं. बोर्डिंगातून नाव कमी झालं. भेद मोडायला काढलेल्या एका बोर्डिंगाच्या सोहळ्याला गेला म्हणून दुसऱ्या बोर्डिंगाने बाहेर काढलं! महाराजांनी त्याला राजवाड्यावर आसरा दिला. अभ्यासात त्याचं फारसं बरं चाललं नव्हतं, मॅट्रिक काही झाला नाही. त्याचं नाव भाऊराव पाटील.

त्याने पुढे काय केलं ते महाराष्ट्र जाणतो, पण ते या गोष्टीला जोडून कुणी सांगत नाही. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका चुलीवरचं अन्न, दळण-कांडण-स्वयंपाक आळीपाळीने पोरांनीच करायचा. म्हणजे १८९६ साली कोल्हापुरात जे फसलं तेच, अठ्ठावीस वर्षांनी, बोर्डिंगातून काढलेल्या मुलाने करून दाखवलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला नाव दिलं, ते शाहू महाराजांचं. कॉलेज त्यांनी फार उशिरा काढलं, साताऱ्याला १९४७ साली. आधी चूल मांडली, मग कॉलेज. मला ही उतरंड फार आवडते, आणि आजही नवीन कॉलेजच्या उद्घाटनाची पत्रिका आली की मी आधी वसतिगृह आहे का ते बघते. बहुतेक वेळा प्रवेशद्वाराच्या कमानीचा फोटो असतो.

पणजोबांचं कॉलेज शोधायचं तर आधी बोर्डिंग कोणतं ते काढा, साल काढा. १९१९ च्या आधी कोल्हापुरात असतील, आणि शाळेत नव्हे, कॉलेजातच असतील, तर ‘राजाराम’शिवाय दुसरं नसणार. बोर्डिंगात राहणारी बरीच मुलं हायस्कुलात होती, हे लक्षात ठेवा. पणजोबा मॅट्रिकपर्यंतच शिकले असं निघालं तर हिरमुसू नका. भाऊराव तर तिथेच अडकले होते.

कऱ्हाडहून एक निवृत्त शिक्षिका : *राजाराम कॉलेज काही काळ आर्य समाजाकडे होतं असं ऐकलं. सरकारी कॉलेज समाजाकडे कसं जाईल?*

तेव्हा ते ‘सरकारी’ म्हणजे दरबारचं होतं, आणि दरबार म्हणजे महाराज. शाहू महाराजांचा आर्य समाजाशी जवळचा संबंध होता. जातीचा पुरोहित नको, पण धर्म हवा, अशी त्यांची धाटणी. १९१९ साली त्यांनी कॉलेज संयुक्त प्रांतातल्या आर्य समाजाच्या प्रतिनिधी सभेकडे चालवायला दिलं. ते पुढे दरबारकडे परत आलं. मात्र त्या व्यवहारातून कॉलेजला मिळालेला माणूस राहिला. मुलतानकडचे, हरिद्वारच्या गुरुकुल कांगडीत शिकवून आलेले डॉ. बाळकृष्ण १९२२ पासून प्राचार्य होते, ते १९४० साली जाईपर्यंत. विषय अर्थशास्त्र. इथे येऊन माणूस शिवचरित्रात असा बुडाला की डच दफ्तरातले कागद मिळवून इंग्रजीत खंडच्या खंड लिहिले. पंजाबातून आलेल्या प्राचार्याने शिवाजीवर लिहावं आणि कोल्हापूरकरांनी त्याला आपलं म्हणावं, हे मला त्या काळाचं मोठं चांगलं लक्षण वाटतं.

त्यांच्या वेळचा अध्यापकवर्ग बघितला तर आज हेवा वाटतो. फारसी शिकवायला माधव जूलियन, तत्त्वज्ञान शिकवायला ना. सी. फडके, अर्धमागधीला डॉ. आ. ने. उपाध्ये. जूलियनांना मराठी छंदांवरच्या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने डी. लिट. दिली ती इथे असतानाच, आणि वर्षभराने, १९३९ साली, ते गेले. उपाध्ये १९३० ला आले ते ३२ वर्षं राहिले. माझ्या वडिलांनी ‘मार्क पडतात’ या लबाड हिशेबाने अर्धमागधी घेतली होती. पहिल्या महिन्यातच उपाध्यांनी ती हौस फेडली, असं ते हसत सांगायचे. विषय सोडला मात्र नाही.

तुमच्या कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण याच काळात, १९३८ साली, इथून बी. ए. झाले. कऱ्हाड काही कोल्हापूर संस्थानात नव्हतं, इंग्रजी मुलखात होतं. तरी मुलं इकडे येत. संस्थानाची हद्द आणि कॉलेजची हद्द कधीच एक नव्हती.

पुण्याहून एक वाचक : *वडील आणि चुलते दोघेही राजाराम कॉलेजचे. वडिलांची पदवी मुंबई विद्यापीठाची (१९४६), चुलत्यांची पुणे विद्यापीठाची (१९५६). चुलतभावाला वाटतं यातलं एक खोटं आहे. दुसरी प्रत काढायची तर कुठे जायचं?*

दोन्ही खरी. चुलतभावाला शांत करा.

कॉलेज तेच राहिलं, विद्यापीठं बदलत गेली. सुरुवातीपासून मुंबई. १९४९ साली पुणे विद्यापीठ झालं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातली कॉलेजं त्याच्याकडे गेली. १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं आणि ‘राजाराम’ तिकडे आलं. वडिलांसाठी मुंबईला अर्ज करा, चुलत्यांसाठी पुण्याला. कॉलेजकडे दोघांच्या प्रवेशाची नोंद विचारायला हरकत नाही. पण पदवीची प्रत कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. बैठक क्रमांक आणि वर्ष हाताशी ठेवा, नाहीतर खिडकीवरचा माणूस तुम्हाला चार वेळा परत पाठवील.

१९४९ हे साल दुसऱ्या कारणानेही मोठं. १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दरबारचं कॉलेज राज्य सरकारचं झालं. याचा अर्थ प्राध्यापकांच्या बदल्या सुरू झाल्या. बाळकृष्ण अठरा वर्षं, उपाध्ये बत्तीस, असलं मुरणं त्यानंतर कठीण झालं. फायदाही होता. कन्नड कवी वि. कृ. गोकाक प्राचार्य म्हणून आले ते त्याच सुमारास. पण मी शिकत होते त्या तीन वर्षांत (१९७३ ते ७६) इतिहासाचे दोन सर बदलून गेले. एकाने पेशवाई अर्ध्यावर सोडली, दुसऱ्याने ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पानिपत आम्ही दोनदा हरलो.

इचलकरंजीहून एक वाचक : *शिवाजी विद्यापीठ आल्यावर राजाराम कॉलेजचं महत्त्व संपलं, असं म्हणता येईल का?*

उलटं म्हणता येईल. विद्यापीठाची कल्पना मांडणाऱ्यांत डॉ. बाळकृष्ण होते. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार इतिहासाचे, आणि ‘राजाराम’मध्ये शिकवलेले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचं, तेही ‘राजाराम’चेच. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ३४ कॉलेजं आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी त्याच्या पदरात होते. एकुलतं एक कॉलेज अनेकांतलं एक झालं, एवढं मात्र खरं. मुलगा शिकायला कुठे आहे, याला ‘कॉलेजात’ एवढंच उत्तर पुरेनासं झालं. माझी याबद्दल तक्रार नाही.

गडहिंग्लजहून एक मुलगी (इयत्ता नववी) : *शाळेच्या प्रकल्पासाठी जुनं कॉलेज बघायचं आहे. काय काय बघू? जुनी रजिस्टरं बघायला मिळतात का?*

रजिस्टरांचं वेगळं सांगते. एका संस्थेत (नाव घेत नाही) मी जुन्या प्रवेशनोंदी विचारायला गेले, तर ‘गेल्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या’ असं उत्तर मिळालं. किलोचा भाव काय लागला तेही विचारलं मी. त्यामुळे जिथे असतील तिथे आधी शाळेचं पत्र देऊन, नीट हात धुऊन, पानाला थुंकी न लावता बघ.

बघायला सुरुवात भवानी मंडपापासून कर. आज कॉलेज तिथे नाही, ते विद्यापीठाच्या शेजारी विद्यानगरात आहे. पण जुनी इमारत तिथेच, अंबाबाईच्या देवळाला लागून. मग तिथून दसरा चौकात चालत जा. रिक्षा करू नकोस. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि त्याच्या आजूबाजूला बोर्डिंगं. पाट्या वाच, सालं उतरवून घे, आणि निघताना घड्याळ लाव.

माझे वडील तुझ्याच गडहिंग्लजचे, लिंगायत बोर्डिंगात राहायचे. दुपारी जेवायला कॉलेजातून बोर्डिंगात यायचं, पंगतीत बसायचं, ताट धुवायचं आणि पुढच्या तासाच्या आत वर्गात हजर. चप्पल दुसऱ्या वर्षी मिळाली म्हणायचे. तुला जायला किती मिनिटं लागली ते मला कळव.